जुन्या म्युझिक बॉक्सचे सुटे भाग कसे घडवायचे

जुन्या म्युझिक बॉक्समध्ये जो भाग तुटलेला दिसतो तो बहुतेक वेळा नुसता बळी असतो. गुन्हेगार दुसरीकडे, धडधाकट चेहरा करून बसलेला असतो. फणीचे, म्हणजे सूर देणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या ओळीतले, चार दात गेलेत म्हणून तुम्ही महिनाभर खपून चार नवे दात बसवता, हौसेने किल्ली देता, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचा झिजलेला आस पुन्हा जागेवरून सटकतो आणि रूळ सुसाट सुटतो. या वेळी चारऐवजी चौदा दात जातात. त्यामुळे पुढे प्रत्येक भाग कसा घडवायचा हे सांगताना तो का मोडतो हेही सांगणार आहे. त्या उत्तराशिवाय कानस हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा लेख रुळाच्या, म्हणजे पितळी सिलिंडरच्या बॉक्सबद्दल आहे. रूळ फिरतो तशा त्यावरच्या पिना फणीचे दात छेडतात. पोलादी पट्ट्या छेडून सूर काढायची कल्पना १७९६ मध्ये जिनिव्हाचा घड्याळजी आंत्वान फाव्र याने मांडली. पुढे एकोणिसाव्या शतकात जिनिव्हा आणि सेंट-क्रॉ इथे या पेट्यांचा मोठा धंदा उभा राहिला. १८८५ नंतर लाइपझिगच्या पाउल लोखमानने बदलता येणाऱ्या तबकड्यांचे बॉक्स आणले आणि रुळाचे दिवस भरत गेले. तबकडीच्या यंत्रात साच्यातून काढलेले भाग बरेच असतात. रुळाच्या पेटीत मात्र जवळजवळ प्रत्येक भाग शेजारच्या भागाशी हाताने घासून जुळवलेला असतो. एकाच कारखान्याच्या दोन पेट्यांचे स्क्रूसुद्धा एकमेकांत बसतील याची खात्री नाही. म्हणून इथे ‘भाग मागवणे’ फारसं नसतं, घडवणंच असतं.

आधी स्प्रिंग उतरवा

या कामातला सगळ्यात महाग अपघात म्हणजे स्प्रिंग भरलेली असताना गव्हर्नर सैल करणे. एरवी साधारण मिनिटभर घेणारा फेरा रूळ मग क्षणार्धात मारतो. पिना वाकतात, दात कडाकड मोडतात, आणि हे सगळं तुम्ही ‘अरे’ म्हणेपर्यंत उरकलेलं असतं.

पेटी चालती असेल तर ती आपोआप थांबेपर्यंत वाजू द्या. गाणं संपल्यावर खटका पडून थांबते तसं नव्हे. खटका बाजूला धरून, जोर संपून मधेच थांबेपर्यंत. मग गव्हर्नरच्या पंख्याला बोटाने हलकेच ढकलून पाहा. तो थोडा फिरून निमूट राहिला तर गाडीतला, म्हणजे स्प्रिंगपासून गव्हर्नरपर्यंतच्या चाकांच्या साखळीतला, जोर संपला आहे. पण स्प्रिंगच्या डबीवर मालटीज क्रॉसच्या आकाराचं थांब-चाक असेल तर पेटी थांबल्यावरही आत दोन-चार वेढ्यांचा ताण अडकून राहिलेला असतो. डबी उघडताना तोच ताण बोटं सोलतो. आस नीट पकडून ठेवल्याशिवाय ते चाक काढू नका.

स्प्रिंग भरलेली आणि यंत्र जाम, अशी अवस्था असेल तर आधी फणी काढा, गव्हर्नरला हात लावू नका. फणी सरळ मागे ओढून काढायची, वर उचलायची नाही. दात पिनांत अडकलेले असू शकतात. फणी बाहेर आली की निदान दात आणि पिना वाचल्या. अशा पेटीची स्प्रिंग उतरवणं मात्र जाणत्या घड्याळजीच्या शेजारी उभं राहूनच शिकावं.

खोलताना एका पुठ्ठ्यावर पेटीचा ढोबळ नकाशा काढा आणि प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवा. डबीत सगळे स्क्रू एकत्र टाकणाऱ्याला पुढचा रविवार त्यांच्या जोड्या लावण्यात घालवावा लागतो. मी घालवला आहे.

साहित्य

आस, पिव्हट (आसाचं बारीक फिरतं टोक) आणि फणीचे दात यांसाठी सिल्व्हर स्टील वापरा. नावात चांदी असली तरी त्यात चांदी औषधालाही नसते. कार्बन भरपूर असलेलं, घासून चकचकीत केलेलं हे पोलाद आहे. चाकांसाठी लेथवर सहज कातलं जाणारं, थोडं शिसं मिसळलेलं पितळ. डाख द्यायला कथील-शिशाचा, १८३ अंशांना वितळणारा डाख. बारीक कानशी, पितळी तोंडाचा चिमटा, दहापट भिंग आणि दोन शतांश मिलिमीटर दाखवणारा व्हर्नियर. लेथ लहान असला तरी चालेल, पण त्याचा चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, डगमगता नसावा.

थ्रीडी प्रिंटरबद्दल लोक हमखास विचारतात. मूठ, झाकणाची कडी, ओतकामासाठीचा साचा यांना तो उत्तम. जोर सहन करणाऱ्या चाकाला प्लास्टिक लावू नका.

गव्हर्नरचा आस

गव्हर्नर म्हणजे बारीक उभा आस, त्याच्या अंगावर मळसूत्र आणि त्याला लावलेले दोन पंख. गाडीचं शेवटचं चाक मळसूत्राला फिरवतं आणि पंख हवा कापत वेग आवरतात. इथे चाक मळसूत्राला ढकलतं, त्यामुळे आस वरच्या बाजूला रेटला जातो आणि त्याचं टोक वरच्या खड्यावर, म्हणजे टेकू म्हणून बसवलेल्या कठीण दगडावर, टेकून फिरतं. त्या खड्याला खळगा पडला किंवा टोक बोथट झालं की आस वर सरकतो, मळसूत्र चाकातून सुटायला लागतं, आणि सुरुवातीला सांगितलेली दुर्घटना घडते. फणीचे दात मोडलेली पेटी हाती आली की मी सर्वांत आधी हे टोक भिंगाखाली पाहतो.

मळसूत्र शाबूत आणि नुसतं टोक गेलेलं असेल तर अख्खा आस घडवायची गरज नाही, नवा पिव्हट बसवा. आस लेथमध्ये अगदी मध्यावर धरा. मोडकं टोक दगडाने सपाट करा, मध्यबिंदूला ग्रेव्हरने (कोरायच्या अणकुचीदार हत्याराने) बारीक खूण करा आणि कार्बाइडच्या ड्रिलने भोक पाडा. खोली व्यासाच्या अडीच ते तीन पट. हे पोलाद कडक असतं. साधं ड्रिल त्यावर घासत बसतं, भोकाचा तळ आणखी कडक करून ठेवतं आणि मग काहीच चालत नाही. भोकात निळ्या पोलादाची तार किंचित निमुळती करून ठोका. तार जेमतेम बसली पाहिजे. जोर करून घुसवलीत तर आस चिरतो. मग ती मापात कातून, टोक गोलसर करून पॉलिश करा. भिंगाखाली एकही आडवी रेघ दिसता कामा नये. एक रेघसुद्धा खड्याला कानशीसारखी लागते.

मळसूत्रच झिजलेलं असेल तर नवा आस कातावा लागतो. मळसूत्राचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, चाकाच्या दातांच्या अंतराशी जुळला पाहिजे. जुन्या आसावर पाच आटे मोजून अंतराला पाचाने भागा. एकाच आट्याचं माप घेतलंत तर चूक पाचपट होते. मऊ अवस्थेत सगळं कातून झालं की आस लाल करा. किती लाल, हे ओळखायला चुंबक घ्या: पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या किंचित पुढे नेऊन, आस उभा धरून तेलात बुडवा. आडवा बुडवलात तर धनुष्य होऊन बाहेर येतो. मग घासून उजळ करा आणि सुमारे ३०० अंशांपर्यंत, निळा रंग येईतो, तापवा. हा चुंबक मात्र फणीपासून लांब, दुसऱ्या खोलीतच ठेवा. कारण पुढे येतंय.

आस बसवल्यावर खड्याची टोपी बदललीच पाहिजे. जुना खळगा आणि नवं टोक हा संसार टिकत नाही.

चाकाचा दात

पितळी चाकाचा एखादा दात गेला असेल तर तिथे आत रुंद, तोंडाशी अरुंद अशी खाच कानशीने काढा. त्यात हुबेहूब बसणारा पितळेचा तुकडा घाला, डाख द्या आणि शेजारच्या दातावर पातळ पत्र्याचा साचा काढून त्याबरहुकूम घासा. खाच नीट जमली तर डाख नुसता साक्षीला असतो. खरं काम खाचच करते.

चाकच हरवलं असेल तर मॉड्यूल (दातांच्या आकाराचं माप) काढण्यासाठी दोन आसांमधलं अंतर मोजा, त्याची दुप्पट करा आणि दोन्ही चाकांच्या दातांच्या बेरजेने भागा. अंतर १८ मिलिमीटर, दात ६० आणि १२ असतील तर ३६ भागिले ७२, म्हणजे ०.५. अंतर मात्र झिजून लांबट झालेल्या भोकांच्या मूळ मध्यापासून घ्यायचं. आणि भोकं झिजली असतील तर आधी बुश, म्हणजे भोकात घालायची बारीक नळी, बसवा. दात तिथेच खाल्ला गेला होता.

फणीचा दात

फणीचा प्रत्येक दात हा एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी आहे. सूर जाडीच्या सम प्रमाणात चढतो आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. लांबीत एक टक्का फरक पडला तरी सूर दोन टक्क्यांनी हलतो, म्हणजे अर्धस्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका. पण लांबी तुमच्या हातात नसते. सगळी टोकं एका रेषेत, पिनांच्या ओळीवरच यायला हवीत. म्हणून सुरात आणायचं काम जाडीवर करायचं.

कोणता सूर हवा हे कसं कळणार? जुन्या फणीत एकाच सुराचे दोन-तीन दात शेजारी शेजारी असतात, भरभर येणारे सूर वाजवता यावेत म्हणून. आधी शेजारी ऐका. तेवढ्याने भागलं नाही तर रुळावर त्या दाताच्या ओळीतली पिन कोणत्या पिनांबरोबर एकाच क्षणी येते ते पाहा. सोबतच्या सुरांवरून उरलेला अंदाज येतो. आजच्या ४४० कंपनांच्या ट्यूनरवर आंधळा भरवसा ठेवू नका. पेटीचा षड्ज तिच्या स्वतःच्या फणीत असतो.

आता काम. तुटलेल्या दाताच्या मुळाशी, फणीच्या बुंध्यात हिऱ्याच्या पातळ चकतीने खाच पाडा. शेजारच्या दातांवर ओली चिंधी ठेवा. खाच सरळ आणि समांतर भिंतींची असावी. सिल्व्हर स्टीलचा तुकडा त्यात बोटाच्या दाबाने बसेल असा घासा; रुंदी शेजाऱ्याइतकी, जाडी थोडी जास्त, टोक थोडं लांब. तो लाल करून तेलात कडक करा, पुन्हा तापवून निळा रंग येईपर्यंत कडकपणा उतरवा आणि मगच डाख द्या. १८३ अंशांचा डाख इथे मुद्दाम वापरायचा: निळ्या रंगाला उतरवलेलं पोलाद त्या आचेला हलत नाही, त्यामुळे नवा दातही मऊ पडत नाही आणि शेजारीही. थेट ज्योत कधीच नको. तापवलेला तांब्याचा ठोकळा बुंध्याखाली लावा, म्हणजे उष्णता हळूहळू चढते. झिंक क्लोराइडचा फ्लक्स वापरलात तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, मग लगेच वाळवा. त्याचा थेंब दातांच्या फटीत राहिला तर महिनाभरात तांबूस पूड दिसते.

सूर लावण्याचं तत्त्व हार्मोनियमची रीड घासणाऱ्याला ओळखीचं वाटेल. टोकाकडे खालून घासलं तर वजन कमी होऊन सूर चढतो. मुळाशी घासलं तर लवचीकपणा वाढून सूर उतरतो. दोन घास मारायचे, ऐकायचं, पुन्हा दोन. पहिल्या दाताच्या वेळी मी डाख गार व्हायची वाट न पाहता सूर जुळवला. फार छान जुळला. तासाभराने पाहतो तर तो चढलेला, कारण तापलेल्या पोलादाचा सूर मुळात उतरलेला असतो. तेव्हापासून फणी टेबलावर ठेवून मी सरळ दुसऱ्या कामाला लागतो.

खर्जाच्या दातांखाली शिशाची वजनं असतात, सूर खाली आणायला. हे शिसं हवा आणि दमटपणाने पांढरं, भुसभुशीत होतं आणि फुगून शेजारच्या वजनाला टेकतं. मग दोन्ही दात मुके होतात. दात तुटला नसतानाही तो ‘मेला’ म्हणून बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. आधी फटीतून पातळ कागद फिरवून बघा. ही पूड विषारी आहे: हातमोजे, मास्क, ओला कपडा, आणि फुंकर अजिबात नाही. नवं वजन बसवताना जुन्यापेक्षा थोडं जड ठेवून शिसं घासत सूर वर आणायचा.

डँपर

माझ्या मते पेटीची खरी परीक्षा इथे होते, आणि इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात. दात आधीच्या सुराने थरथरत असताना पुढची पिन त्याला लागली तर ‘चिर्र’ असा किरकिरा आवाज येतो. तो टाळायला दाताच्या टोकाखाली केसाएवढी बारीक, चपटी पोलादी तार असते, तोच डँपर. पिन आधी तिला दाबते, ती दाताला टेकून थरथर थांबवते, मग पिन तिला ओलांडून दात उचलते. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवतं त्याआधी.

जुन्या घड्याळाची पोलादी हेअरस्प्रिंग या कामाला चांगली. खर्जाला जाड आणि रुंद, वर जाल तशी पातळ आणि अरुंद. फणी लाकडी ठोकळ्यावर उलटी ठेवा, दाताखाली पितळेचा आधार द्या. आधाराशिवाय ठोकलात तर डँपरऐवजी दात हाती येतो. दाताखालच्या बारीक गुठळीत भोक असतं आणि त्यात निमुळती पितळी पिन. ती मागच्या बाजूने बाहेर काढा, भोक साफ करा, नवी तार घाला, नवी पितळी पिन दाबून बसवा आणि दोन्ही टोकं कापा.

आता वाकवणं. तार आधी खाली जाऊ द्या, मग गोलसर वळण देऊन टोकाकडे वर आणा. शेवटचा तुकडा दाताच्या खालच्या बाजूला समांतर, त्याला न टेकता. मध्ये केसाएवढी फट. तारेचं टोक दाताच्या टोकापेक्षा किंचित आत, पण पिनेच्या वाटेत येईल इतकं पुढे. चिमट्याने कोन पाडायचा नाही. कोनापाशी तार थकते आणि तुटते. वळण हवं, घडी नको.

फणी बसवून रूळ अगदी हळू पुढे सरकवा, दात नखाने छेडा आणि पिन येईपर्यंत ऐका. सूर निमूट विझला तर जमलं. ‘चिर्र’ आलं तर तार पिनेपर्यंत पोचत नाही किंवा फार मऊ आहे. सूर आधीपासूनच बसका असेल तर तार सतत दाताला टेकलेली आहे. एकाच दातावर हे तीन-चारदा करावं लागलं तरी वाईट वाटून घेऊ नका. एका बैठकीत दहा डँपर झाले तर दिवस चांगला गेला.

आणि बिघाड वारंवार होत असेल, नीट वाकवलेली तार दाताला पुन्हा पुन्हा चिकटत असेल, तर तारेला दोष देऊ नका. फणीत चुंबकत्व शिरलेलं असतं. छोटी टाचणी जवळ नेऊन पाहा. तसं असेल तर डीमॅग्नेटायझरमधून फणी काढा, मगच पुढचं काम. चुंबक दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणालो ते यासाठी.

सगळ्यात वरच्या सुरांना तार चालत नाही, ती सूरच खाते. जुन्या पेट्यांत तिथे पक्ष्याच्या पिसाच्या दांडीचा बारीक तुकडा चपडा लाखेने चिकटवलेला असतो. तोच पुन्हा वापरा. सुपरग्लू लावलात तर पुढच्या माणसाला तो सोडवता येणार नाही.

रुळाच्या पिना

वाकलेली एखादी पिन पोकळ नळीने हलकेच सरळ करता येते, पण एकदाच. दुसऱ्यांदा वाकवली की मोडते. पिना साधारण ०.३ मिलिमीटर जाडीच्या आणि हजारोंनी असतात. आतून राळेच्या मिश्रणाने धरलेल्या असतात. सगळ्या पिना नव्याने बसवणं हे घरच्या टेबलाचं काम नाही, तिथे हट्ट करू नका. रुळाला ज्योत तर कधीच लावू नका. राळ वितळली की पिना सैल होतात आणि पेटी आतून बिघडते.

जोडणी

आधी गव्हर्नर आणि गाडी, फणीशिवाय. स्प्रिंगला जेमतेम दोन वेढे द्या आणि पंखा एकसारखा फिरतो का ते पाहा. वेग धक्क्याधक्क्याने चढत-उतरत असेल तर मळसूत्र आणि चाक यांची पकड तपासा. बोटाने हलवल्यावर किंचित मोकळीक जाणवली पाहिजे. पिव्हटांना घड्याळाचं तेल, मळसूत्राला दाट ग्रीस, आणि डँपरना काहीही नाही. तेलाने तार दाताला चिकटते. गाडी अर्धा तास बिनतक्रार चालली की मगच फणी. गव्हर्नरवर विश्वास बसण्याआधी नवे दात त्याच्या तोंडी द्यायचे नाहीत.

काम संपलं की फणीच्या बुंध्याखाली, दातांपासून लांब, बारीक अक्षरात वर्ष आणि बदललेल्या दातांचे क्रमांक कोरा. झाकणाच्या आत एक कागद ठेवा: कोणता आस नवा, कोणता डाख वापरला आणि तो किती अंशांना वितळतो. पुढचा माणूस या फणीला आच देण्याआधी तोच आकडा शोधणार आहे.